लग्नाची अक्षरं

पांढुर्ण्यात पाट्या रंगवणारे तीन-चार जण होते, पण पेंटर म्हटला की एकच, हिरामण. राहायला जाम नदीपलीकडे सावरगावला, दुकान पांढुर्ण्याच्या स्टेशनाजवळ. किराणा दुकान असो, आटाचक्की असो, नाहीतर संत्र्याच्या दलालाची गादी असो, पाटी हिरामणचीच. पाट्यांवरची त्याची अक्षरं जाड, ठसठशीत, लांबून ओळखू येणारी. पण त्याची खरी मिजास होती ती लग्नाच्या अक्षरांवर. मांडवाच्या तोंडाशी पांढऱ्या कापडाची लांब पट्टी बांधायची आणि तिच्यावर निळ्या रंगात नवरीचं आणि नवरदेवाचं नाव काढायचं. या अक्षरांची टोकं पिंपळाच्या पानासारखी निमुळती होत जायची. ही अक्षरं तो दुकानाच्या पाटीवर काढत नसे, मग कोणी पाया का पडेना. एका कापडवाल्यानं फारच हट्ट धरला तेव्हा हिरामण त्याला म्हणाला, "तुमचं लगन असन तवा या." कापडवाला पन्नाशीचा होता आणि त्याची बायको तिथेच गल्ल्यावर बसली होती.

या पट्ट्यांचं एक होतं. रंग सरसात कालवलेला, कच्चा. लग्न आटोपलं की नवरदेवाकडची माणसं पट्टी धुऊन टाकत आणि कापड चांगलं असेल तर उशीच्या खोळी शिवत. हिरामणनं दोनशेच्या वर लग्नं रंगवली असतील, पण त्यातलं एक अक्षर कुठे शिल्लक नव्हतं. त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. हात होता, तोवर अक्षरं होती.

मग सत्त्याऐंशी साली हात गेला. सौंसरला कापसाच्या एका जिनिंगची भिंत रंगवताना शिडी सरकली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण बोटांची थरथर काही गेली नाही. आखलेल्या अक्षरात रंग भरता येई, कोऱ्या कापडावर रेघ मात्र ओढता येईना. हिरामणनं ते कोणाला सांगितलं नाही. अर्थात पांढुर्ण्यात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

आणि आता दोन वर्षांनी, वैशाखी पौर्णिमेला, त्याच्या एकुलत्या एका पोरीचं, वंदनाचं लग्न होतं. पोरगी सावरगावच्या बालवाडीत शिकवायची. नवरदेव रामाकोन्याचा गुणवंता, तोही मास्तर. सगळं छान जुळलं होतं. फक्त वंदना पाळण्यात होती तेव्हापासून हिरामणनं गावभर सांगून ठेवलं होतं, की माझ्या पोरीच्या पट्टीला दुसऱ्या कोणाचा कुंचला लागणार नाही.

"सौंसरच्या भिवाजीले सांगा न," यमुना म्हणाली. यमुना म्हणजे त्याची बायको, आणि तिला गोष्टी एका झटक्यात निकालात काढायची सवय होती. "तो बी पेंटरच हाय."

"भिवाजी?" हिरामण चहा पिता पिता थांबला. "त्याचा 'व' पायला का तू? पोटुशी म्हैस बसल्यावानी दिसते. माह्या पोरीच्या नावात दोन म्हशी बसवू का मी?"

"दोन कुठून आल्या? वंदनात एकच 'व' हाय."

"अन् गुणवंतात?"

यमुनानं हात टेकले. पण तिनं हळूच एक गोष्ट बोलून दाखवली, जी हिरामणच्या मनात आठ दिवस घोळत होती. "मंग कोन लिवनार? हवा लिवनार का?"

त्या दिवशी हिरामणनं दुकानच उघडलं नाही. पोरीच्या मांडवावर कोरं कापड लागेल, नाहीतर भिवाजीची म्हैस, याच्या पलीकडे त्याला काही सुचेना. तो खरोखर दुःखी झाला होता. आणि मग संध्याकाळी तोंडावर पाणी मारता मारता त्याला आठवलं, की आपली लग्नाची अक्षरं एका ठिकाणी अजून आहेत. ती सौंसरला श्रीधर सरांकडे ठेवलेली आहेत.

झालं होतं असं. शहाऐंशी साली सौंसरच्या शाळेत सरकारी योजनेतून एक कॉम्प्युटर आला. टीव्हीसारखा पडदा, टाईपरायटरसारखा पाटा आणि शेजारी चक्क टेपरेकॉर्डर. खोलीवर पाटी लावायला हिरामणला बोलावलं. गणिताचे श्रीधर सर त्या मशीनपाशी बसून त्याच्यावर देवनागरी उमटवायच्या खटपटीत होते, कारण मशीनला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. पाटीवरची अक्षरं बघून ते म्हणाले, "हिरामणभाऊ, तुमची अक्षरं मला ग्राफच्या कागदावर काढून द्या. मी ती याच्यात घालतो."

हिरामणनं तीन रविवार बसून अख्खी बाराखडी चौकटींच्या कागदावर उतरवून दिली, आणि तीही लग्नाची अक्षरं. पाटीची का नाहीत, असं सरांनी विचारलं तर म्हणाला, "पाटीची अक्षरं दुकानदाराची. शाळेले द्याचं तं चांगलं द्याव मानसानं." दोघांनी चौकटी मोजून एकेका वळणाचे आकडे काढले, सरांनी प्रोग्राम लिहिला आणि एक दिवस पडद्यावर पिंपळाच्या टोकाचा 'अ' उमटला. तेव्हा हिरामण इतका खूश झाला होता की त्यानं शाळेचं फाटक फुकट रंगवून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं तो सौंसरला गेला. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. श्रीधर सर घरीच होते, बनियनवर, संत्र्याच्या झाडांना पाणी सोडत. हिरामणनं ओट्यावर बसून सगळं सांगितलं आणि म्हणाला, "तं सर, माही अक्षरं वापस द्या. दोनच नावापुरती."

सरांचा चेहरा पडला. "हिरामणभाऊ, ते मशीन गेलं हो. होळीच्या आसपास त्याचा वीजपुरवठ्याचा डबा जळाला. नागपूरहून माणूस आला, म्हणे आता याचे पार्ट येत नाहीत."

"अन् माहे ग्राफचे कागद?"

"शाळेच्या कपाटाला वाळवी लागली होती."

हिरामणला वाटलं, आता आपण इथेच ओट्यावर आडवे होतो. पण श्रीधर सर हे हाडाचे मास्तर. ते आत गेले आणि एक कॅसेट आणि एक जाडजूड वही घेऊन आले. कॅसेटमध्ये प्रोग्राम होता. त्यांनी ती घरच्या टेपवर लावून दाखवली, तर रातकिड्यांची वरात निघाल्यासारखा आवाज आला.

हिरामण कान देऊन ऐकत होता. "यातला 'द' कोनता?"

"ते मलाही नाही कळत," सर हसून म्हणाले. "पण ही वही पाहा. मी सगळा प्रोग्राम हातानं उतरवून ठेवला आहे. आकडे आहेत, हुकूम आहेत. आता फक्त मशीन पाहिजे. पांढुर्ण्याला आपला हेमंत आहे ना, त्यानं क्लास काढला आहे. नवीन मशीन आणलं आहे त्यानं, प्रिंटरसकट. चला."

हेमंत हा सरांचा जुना विद्यार्थी. बाजारातल्या एका दुकानाच्या माडीवर त्याचा कॉम्प्युटर क्लास होता, खिडकीला ओला पडदा आणि दाराबाहेर चपला काढायची सूचना. सूचनेची पाटी इंग्रजीत होती, आणि हिरामणची नव्हती, हे त्यानं आत शिरतानाच टिपून घेतलं.

हेमंतनं वही चाळली आणि मान हलवली. "सर, कॅसेट तर इथं लागतच नाही, याला तशी सोयच नाही. आणि ये प्रोग्राम पुराने मशीन का है. हे नवीन आहे, याच्यावर डॉस चालते. म्हणजे याची ऑपरेटिंग सिस्टीमच वेगळी. जुन्याचे हुकूम हा मानणार नाही."

"काहून नाई मानणार?" हिरामणनं विचारलं. "अक्षर तं तेच हाय न?"

"अक्षर तेच आहे, पण जुनं मशीन ज्या शब्दांनी रेघ काढत होतं ते शब्द याला ठाऊक नाहीत."

"मंग याले ठाऊक असतीन ते शब्द सांगा," हिरामण म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला. श्रीधर सरांना हे एकदम पटलं. नाहीतरी करायचं तेवढंच होतं.

हेमंतचा क्लास नऊला सुरू व्हायचा आणि उन्हाळ्यात वीज सकाळीच धड असायची. तेव्हा सहा ते नऊ ही वेळ ठरली. श्रीधर सर पहिल्या बसनं सौंसरहून यायचे, हिरामण नदी ओलांडून यायचा. हेमंत नदीच्या या काठचा, हिरामण त्या काठचा, आणि दरवर्षी पोळ्याला दोन्ही काठांची एकमेकांवर गोटमार व्हायची. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच्या लोकाइनं मले गोटा मारला होता," हिरामण सरांना खुशीत सांगायचा, आणि हेमंत तितक्याच खुशीत म्हणायचा, "लागला नाही न? मग तक्रार कायची करून राहिले?"

काम असं चालायचं. हिरामणनं वहीतले आकडे मोठ्यानं वाचायचे आणि सरांनी ते पाट्यावर दाबायचे. एकेका ओळीत तीन आकडे. पहिला शून्य असला तर कुंचला उचलून न्यायचा, एक असला तर रेघ ओढत न्यायचा. पुढचे दोन, कुठे न्यायचा त्याचे. सरांनी हे एकदा समजावून सांगितलं आणि हिरामण वाचायला लागला. पहिल्या दिवशी तो नुसता वाचत होता, शाळेतल्या पाढ्यासारखा. दुसऱ्या दिवशी मात्र मध्येच त्याचा आवाज बदलला. तो वाचत होता आणि त्याचा मोडका हात मांडीवर आपोआप फिरत होता.

"एक, चाळीस, तीस. एक, छत्तीस, चव्वेचाळीस... थांबा सर. हा 'द' हाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आता हा खाली उतरून डावीकडं वयला. आता पोट धरन, अन् मंग शेपटी काढन. पाहा." त्यानं पुढचे आकडे वाचले, आणि पोट धरलं गेलं, आणि शेपटी निघाली. हिरामण लहान पोरासारखा हसायला लागला. दोन वर्षं ज्या हातानं एक रेघ ओढली नव्हती, त्याला ते वळण अजून पाठ होतं. आकड्यांच्या त्या रुक्ष वहीत त्याला आपला धडधाकट हात सापडला होता.

मग तर तो चुकाही काढायला लागला. श्रीधर सरांचं हस्ताक्षर म्हणजे गणिताच्या मास्तरांचंच, त्यांचा एक आणि सात ओळखू येत नसे.

"एक, सत्तर, पन्नास," हिरामणनं वाचलं आणि थबकला. "सत्तर नाई होत. सत्तरवर नेला तं 'व'चं पोट फुटन. दहा असन."

सरांनी वहीत डोकं घातलं. दहाच होते.

"सर, खराब अक्षर पोट्याइनं काढलं तं तुमी छडी मारता न?" हिरामणनं साळसूदपणे विचारलं. हेमंत बाहेर जाऊन हसून आला.

तिसऱ्या दिवशी दोन्ही नावांपुरती सगळी अक्षरं आत गेली. श्रीधर सरांनी जुने हुकूम काढून त्या जागी नव्या मशीनला कळणारे घातले होते. जुना पडदा मोठा होता, नवा आखूड, म्हणून मापं भागून लहान केली होती. बाकी प्रोग्राम त्यांनी वहीत होता तसाच्या तसा, एक काना इकडचा तिकडे न करता उतरवला होता. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर हिरवी रेघ सरकली, वळली, आणि पहिलं अक्षर उमटलं.

तिघंही बघत राहिले. अक्षर डोक्यावर उभं होतं.

शिरोरेघ तळाशी पडली होती आणि 'व' तिच्यावर पाय वर करून उभा होता. सरांनी 'द' काढला, त्याची शेपटी आभाळात. 'न' काढला, तोही तसाच. गुणवंताचा उकार तर डोक्यावर तुरा लावल्यासारखा दिसत होता. हेमंतला हसू आवरेना. श्रीधर सरांच्या कपाळावर मात्र आठ्या पडल्या. त्यांनी इकडे वजाबाकी केली तर अक्षर पडद्याच्या बाहेर निघून गेलं, तिकडे बेरीज केली तर अर्धंच दिसायला लागलं. नऊ वाजले, क्लासची पोरं जिन्यात जमली.

"हेमंत, ही सगळी अक्षरं आहेत तशी छापून दे," सर म्हणाले. "घरी बसून पट्टी लावून बघतो, चूक कुठे आहे ते." प्रिंटर किरकिरत बसला आणि त्यानं वीतभर उंचीचं एकेक अक्षर एकेका कागदावर काढून दिलं, सगळी उलटी. सरांनी गठ्ठा पिशवीत घातला आणि दहाची बस गाठली.

लग्नाला तीन दिवस राहिले होते. हिरामण घरी आला तेव्हा यमुना पाहुण्यांसाठी गहू निवडत होती. "झालं का?" तिनं विचारलं.

"झालं. पन डोक्यावर उभं हाय."

"कोन?"

"तुही पोरगी," हिरामण म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. वंदना आतून ऐकत होती. ती हसली, पण तिला बाबांची काळजी वाटत होती. गेले दोन दिवस ते नदीवरून येताना शिट्टी वाजवत येत होते, आणि आज शिट्टी नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी श्रीधर सर आले ते सुजलेल्या डोळ्यांनी. त्यांना चूक सापडली नव्हती. हिरामण मशीनपुढे बसला आणि त्यानं सरळ विचारलं, "सर, हे मशीन मोजते कुठून?"

"म्हणजे?"

"मी अक्षर काढतो तवा आधी रेघ ओढतो वरती, अन् मंग तिच्याखाली अक्षर लटकवतो. तुमच्या ग्राफवर बी मी तसंच मोजलं होतं, रेघेपासून खाली. हे कसं मोजते?"

"हे वरूनच मोजतं," हेमंत म्हणाला. "वरच्या कोपऱ्यातून खाली."

"अन् ते जुनं?"

श्रीधर सरांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. जुनं मशीन खालून वर मोजायचं, भूमितीच्या वहीत मोजतात तसं. तीन वर्षांपूर्वी हिरामणचे वरून मोजलेले आकडे त्या मशीनमध्ये घातले, तेव्हाही अक्षरं उलटीच आली होती. आठवडाभर डोकं खाजवून सरांनी प्रोग्रामात एक ओळ घातली होती, सगळे आकडे उलटे करून घेणारी. त्या ओळीचा त्यांना भारी अभिमान होता. तीच ओळ त्यांनी आता इमानदारीनं या नव्या मशीनमध्ये उतरवली होती, आणि हे मशीन तर आधीच हिरामणसारखं वरून मोजणारं होतं.

"म्हणजे हे मशीन आपल्यासारखं हाय," हिरामण म्हणाला. "तुमी त्याले उगाच उलटं टांगलं."

"काढतो," सर म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता आणि थोडा त्या ओळीत अडकलाही होता. "माझी सगळ्यात चांगली ओळ होती हो ती." त्यांनी पाट्याकडे हात नेला, आणि तेवढ्यात खाली रस्त्यावर मोठा आवाज झाला. पंखा थांबला, पडदा मिटला, बाजारात एकदम ओरडा झाला. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता.

हेमंत खाली जाऊन विचारून आला. नवा यायला आठ दिवस तरी लागतील म्हणे. दुसरं असं मशीन थेट नागपूरला. तिथे कोणाच्या ओळखीनं, कोणाच्या दारात उभं राहणार? श्रीधर सर खुर्चीत बसून राहिले. एवढं सापडलं, एक ओळ पुसायची राहिली, आणि आता हे. त्यांना रडू यायचं बाकी होतं. ते म्हणाले, "हिरामणभाऊ, माझ्यामुळे झालं हो. कालच सुचायला पाहिजे होतं."

हिरामण त्यांच्याकडे बघतच नव्हता. सरांनी पिशवीतला गठ्ठा काढून खिडकीपाशी ठेवला होता. त्यातला वरचा कागद हिरामणनं उचलला, उजेडाकडे धरला आणि खालची कड वर करून पालटला.

"सर," तो म्हणाला, "हे कागद मले देता का?"

"घ्या की. पण ती उलटी आहेत."

"मी याचा खाका करतो. रेघेवरून टाचणीनं भोकं पाडाची, कागद कापडावर ठिवाचा, वरून निळीची पुरचुंडी आपटाची. भोकातून ठिपके उतरते खाली. पन्नास पाट्या केल्या असन मी अशा." त्यानं कागद पुन्हा पालटला. "भोकाले कुठं उलटं-सुलटं असते, सर? कागद पालथा ठिवला का झालं."

हेमंतनं कागद हातात घेतला, पालटून खिडकीवर धरला, आणि मागच्या बाजूनं पिंपळाच्या टोकाचा 'व' सरळ, तालेवार, शिरोरेघेला लटकलेला दिसला. श्रीधर सर इतके जोरानं हसले की खालचा दुकानदार वर बघायला आला. त्यांनी हिरामणला चक्क मिठी मारली. गणिताचा मास्तर मिठी मारतो हे पांढुर्ण्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

हिरामण शिट्टी वाजवत घरी आला. दुपारी लिंबाच्या सावलीत चटई अंथरली. टाचणी त्याच्या बोटांत राहीना, म्हणून भोकं पाडायला यमुना बसली. "जरा जवळ जवळ पाड, गोदडी शिवून नाई राहिली तू," हिरामणनं सूचना केली. "मंग तुमीच पाडा," यमुना म्हणाली, आणि भोकं मात्र तिनं जवळ जवळ पाडली. वंदनानं कापडाच्या कडा धरल्या. हिरामणनं कागद पालथे करून ओळीनं मांडले, निळीची पुरचुंडी हळूहळू आपटली आणि एकेक करून कागद उचलले.

पांढऱ्या कापडावर ठिपक्याठिपक्यांची दोन नावं उभी होती. वंदना. गुणवंता.

हिरामणनं कुंचला घेतला. हात थरथरत होता, पण आता वाट आखलेली होती आणि थरथरता का होईना, हात वाटेवर राहत होता. 'वं' भरला. 'द' भरला. मग तो अचानक थांबला. कुंचल्याचं निळं पाणी कापडावर ठिबकेल म्हणून यमुनानं पटकन खाली वाटी धरली.

"काय झालं, बाबा?" वंदनानं विचारलं.

"दोनशे पोरीइची नावं लिवली मी," हिरामण म्हणाला. "तुहं नाव आजपर्यंत कधी लिवलंच नाई. शायेत गुरुजीनं लिवलं, रेशनकार्डावर बाबूनं. मी आज लिवून राहिलो, पयल्यांदा."

वंदनानं कापड जास्त घट्ट धरलं. हिरामणनं बाहीनं डोळे पुसले आणि 'ना' भरायला घेतला. नावाचं शेवटचं टोक, पिंपळाच्या पानाचं, एका दमात ओढायचं असतं, तिथे हळूहळू भरून चालत नाही. त्यानं श्वास धरला, ओढलं, आणि हात घसरला. टोक ठिपके सोडून बोटभर पुढे गेलं आणि किंचित वर वळलं.

"गेलं!" हिरामण ओरडला. "ओलं फडकं दे, यमुने, लवकर!"

"नाई," वंदना म्हणाली. तिनं फडकं आईच्या हातून काढून घेतलं. "पुसाचं नाई. बाकीचं मशीनमधून आलं, बाबा. एवढं टोक तुमी आज काढलं. माह्या नावाले तेच पायजे." आणि ती बालवाडीतल्या पोरांकडे बघायची तसं बघत उभी राहिली, तेव्हा हिरामणनं मुकाट्यानं कुंचला पुढच्या नावाकडे वळवला.

पौर्णिमेच्या सकाळी पट्टी मांडवाला लागली. श्रीधर सर सौंसरहून सहकुटुंब आले आणि भेटेल त्याला ती एक ओळ समजावून सांगत राहिले. हेमंत नदी ओलांडून आला, दगड न खाता. आणि कोणीतरी आमंत्रण दिलं म्हणून, ते यमुनानं दिलं होतं हे नंतर कळलं, सौंसरचा भिवाजी पेंटरही आला.

भिवाजी मांडवाच्या तोंडाशी उभा राहून पट्टी बघत होता. वऱ्हाड आत गेलं, बुद्धवंदना सुरू झाली, तरी तो तिथेच. हिरामण पाहुण्यांना पाणी विचारता विचारता त्याच्यापाशी आला. पोरीच्या सासऱ्यापुढेही तो इतका घाबरला नव्हता.

"हिरामण," भिवाजी वर बघतच म्हणाला, "तुहा हात तं गेला होता म्हनते."

"गेलाच हाय."

"मंग हे?"

"ते तीन वर्षाआधीचं हाय. सरानं सांभाळून ठिवलं होतं." हिरामणनं वर बोट दाखवलं. "ते शेवटचं टोक तेवढं परवाचं. हात घसरला."

भिवाजीनं मान तिरकी केली. एका पेंटरनं दुसऱ्या पेंटरचं काम बघावं तसं, टोक कुठून निघालं, कुठे वळलं, रंग कुठे विरला, सगळं नीट बघितलं. मग म्हणाला, "टोक मस्त साधलं, बावा. तसं मले नाई जमत."

हिरामणनं भिवाजीचा हात धरला, त्याला आत नेऊन पहिल्या पंगतीत बसवलं आणि तो पुरे पुरे म्हणत असताना त्याच्या पानात चार वेळा बुंदी वाढली.